पंगतीतला विनोद : वसतिगृहजीवन आणि मराठी वाङ्मय

मराठी विनोदाचे आद्य पीठ वऱ्हाडात होते, ही गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर अकोल्यास शिकले. पुढे वकिलीही त्यांनी अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद येथेच केली. आणि १९०२ पासून ज्या लेखांतून 'सुदाम्याचे पोहे' मराठी वाचकांपुढे आले, त्यांचा कर्ता हा असा वऱ्हाडी वकील होता. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या ही त्रयी रूढींच्या वाटेला जाते, फजीत होते आणि वाचकाला हसवता हसवता शहाणे करून सोडते. कोल्हटकर स्वतः पदवीसाठी घर सोडून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले होते. त्यांच्या आधी आणि नंतर वऱ्हाडातली, खानदेशातली, कोकणातली हजारो मुले अशीच वळकटी बांधून परगावी गेली, चौघाचौघांनी एका खोलीत राहिली, भांडली आणि हसली. त्या हसण्याच्या गोष्टी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आजही ऐकू येतात. मात्र ग्रंथांत पाहू गेल्यास त्या हसण्याला मोठे दालन लाभलेले दिसत नाही. बोलण्यात इतका समृद्ध असलेला विनोद लिहिण्यात इतका विरळ का असावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न मला पडण्याचे कारण माझे गाव. शेंदूरजनाघाट हे वरूड तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. संत्र्यांच्या बागा आणि त्याहूनही अधिक संत्र्यांच्या कलमांच्या रोपवाटिका यांसाठी ते ओळखले जाते. अमरावती आणि नागपूर ही दोन्ही शहरे येथून जवळजवळ सारख्याच पल्ल्यावर असल्यामुळे येथल्या मुलांत पूर्वापार दोन तट. एक अमरावतीच्या वसतिगृहांत राहून आलेल्यांचा, दुसरा नागपूरच्या. दिवाळीच्या सुटीत हे दोन तट पारावर भेटले, म्हणजे आपापल्या मेसची आणि रेक्टरची वर्णने चढाओढीने होत. कोणाच्या वरणात बुडी मारल्यावर डाळ सापडे, कोणाच्या पोळीने खिडकीची फुटलेली काच झाकली गेली, याचा वाद मध्यरात्रीपर्यंत चाले. गंमत अशी की, वाईट जेवणाचा मान आपल्याकडे यावा म्हणून ही स्पर्धा असे. ज्याने अधिक सोसले तो अधिक मोठा! वसतिगृहाच्या विनोदाचे मर्म येथेच हाती लागते. आपली गैरसोय, आपले घराबाहेरचे एकटेपण, आपली रिकामी पेटी यांना हसण्याजोगे करून घेणे हा त्याचा मूळ धर्म होय.

या विनोदाचे व्याकरण अगदी ठरलेले आहे. पहिले प्रकरण टोपणनावांचे. नवा मुलगा आला की आठ दिवसांत त्याचे घरचे नाव पुसले जाते आणि गावावरून, खोडीवरून किंवा पहिल्या दिवशी तोंडून निसटलेल्या एखाद्या शब्दावरून त्याचे नवे बारसे होते. दुसरे प्रकरण मेसचे. त्यात आचारी, मेस-सेक्रेटरी आणि रविवारची फीस्ट ही तीन पात्रे. तिसरे प्रकरण स्पर्धेचे: खालचा मजला विरुद्ध वरचा मजला, विज्ञानवाले विरुद्ध कलावाले, नदीअलीकडचे विरुद्ध नदीपलीकडचे. ही वैरे सत्राच्या आरंभी उगवतात आणि परीक्षेच्या वाऱ्यासरशी सुकतात. परंतु तिन्ही प्रकरणांना मिळून एक अट आहे, ती ही की हसणारा आणि ज्याला हसले तो, दोघेही दुसऱ्या दिवशी एकाच पंगतीत जेवावयास बसले पाहिजेत. पंगत मोडली की त्या क्षणी विनोद संपतो आणि त्याच शब्दांची कुचेष्टा होते.

'पंगत' हा शब्द मी येथे सहज वापरलेला नाही. महाराष्ट्रातील वसतिगृहांचा इतिहास हा बऱ्याच अंशी पंगतीचाच इतिहास आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला, तेव्हा प्रत्येक समाजाची पंगत निराळी होती. त्या काळी तेवढे घडणे हेच फार होते. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्याच्या समारंभाला तरुण भाऊराव पाटील गेले, आणि परतल्यावर आपल्या वसतिगृहाच्या शिस्तीप्रमाणे स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकत्र जेवू घालणारे वसतिगृह उघडले, आणि त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडले. आमच्या अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी विलायतेहून परतल्यावर श्रद्धानंद छात्रालय काढले, तेही याच वाटेने. तेव्हा वसतिगृहात कोण कोणाशेजारी बसला, हा प्रश्न आमच्याकडे कधीच क्षुल्लक नव्हता. ज्या पंगतीसाठी एवढा झगडा झाला, त्या पंगतीतला विनोद तरी क्षुल्लक कसा असेल?

आता वाङ्मयाकडे वळू. महाविद्यालयीन तरुणाला मराठी कथेच्या मध्यभागी आणून बसविण्याचे श्रेय ना. सी. फडके यांच्याकडे मोठ्या प्रमाणात जाते. त्यांच्या लेखनाच्या प्रभावाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात कॉलेजकथांची एक लाट आली. त्या लाटेतल्या नायकाला टेनिसचे मैदान आहे, टेकडीवरची संध्याकाळ आहे, चतुर संवाद आहेत. त्याला सहसा नसते ते मेसचे बिल. तो राहतो कोठे, जेवतो काय, घरून आलेले पैसे महिन्याच्या वीस तारखेला संपतात तेव्हा काय करतो, यांविषयी लेखक बहुधा मौन पाळतो. म्हणून त्या कथांतली स्पर्धा नायिकेपुरती उरते आणि विनोद संवादाच्या चमकेपुरता. वाचताना मन रमते, हे खरे. पण वसतिगृहात चार वर्षे काढलेल्या वाचकाला आपल्या खोलीचा वास त्यात कोठेही येत नाही.

तो वास प्रथम आला १९६३ साली, भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास येतो, आणि कादंबरीचा फार मोठा भाग वसतिगृहाच्या खोल्यांतून व मेसच्या बाकांवरून हिंडतो. या कादंबरीतील विनोदाची पहिली थोरवी अशी की, तो प्रसंगांत फारसा शोधावा लागत नाही. तो निवेदनाच्या वाक्यरचनेतच मुरलेला आहे. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन निरुपद्रवी शब्द नायक जागोजाग अशा रीतीने वापरतो की, मोठाल्या गोष्टींतली हवाच निघून जाते. चार मुले रात्री दिवा मालवून बोलत पडतात, तेव्हा त्यांची भाषा अशीच होते. कशालाही फार मोठे म्हणावयाचे नाही, हा तिथला शिष्टाचार असतो. तो शिष्टाचार ग्रंथाच्या भाषेत उतरवणे ही साधी कामगिरी नव्हे.

दुसरी थोरवी याहून मोठी आहे. 'कोसला'त प्रत्येक हसण्याची किंमत मांडलेली आहे. वादविवाद मंडळ, स्नेहसंमेलन, मित्रांसाठी मोकळा सोडलेला हात, वसतिगृहातली प्रतिष्ठा, हे सारे पांडुरंग मोठ्या थाटाने करतो, आणि या थाटामागे सांगवीच्या शेतातला पैसा झिजत असतो. वडिलांशी असलेले त्याचे वैर आणि मित्रांशी असलेली त्याची चढाओढ ही एकाच हिशेबाची दोन पाने आहेत. पुढे धाकट्या बहिणीच्या मृत्यूची बातमी येते आणि ज्या आवाजाने आपल्याला इतका वेळ हसविले, तोच आवाज आता हसणे विसरतो. वसतिगृहातल्या मुलाचे घर त्याच्या पाठीमागे जिवंत असते, तेथे माणसे आजारी पडतात, मरतात, कर्ज काढतात. आणि हा येथे पत्त्यांचा डाव मांडून बसलेला असतो. हे सत्य इतक्या नेमकेपणाने सांगणारी दुसरी मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही.

तरीही एक उणीव नोंदविणे प्राप्त आहे. 'कोसला' हे एका मुलाचे मनोगत आहे, आणि वसतिगृह हा अनेकांचा कल्लोळ असतो. पांडुरंग ज्यांना हसतो ती मुले आपल्याला त्याच्याच डोळ्यांनी दिसतात. ती आपापल्या खोलीत परतल्यावर त्याच्याविषयी काय बोलत होती, हे आपल्याला कळत नाही. कादंबरीच्या बांधणीला हे आवश्यक होते, असे उत्तर कोणी देईल, आणि ते मान्यही करावे लागेल. परंतु बांधणीला आवश्यक असलेली गोष्ट विषयाला पुरेशी असतेच असे नाही. ज्याला हसले गेले त्याची बाजू 'कोसला'च्या बाहेर राहून गेली, एवढे खरे.

ती बाजू पंधरा वर्षांनी आली, आणि ती अगदी निराळ्या दारातून आली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यातला दगडू संगमनेरच्या बोर्डिंगात राहून शिकतो. 'कोसला' आणि 'बलुतं' एकापाठोपाठ वाचावे, म्हणजे 'वसतिगृह' या एकाच शब्दाखाली किती भिन्न जगे नांदतात ते ध्यानात येते. पांडुरंगाच्या दृष्टीने वसतिगृह म्हणजे घरची सुबत्ता उधळण्याची जागा. दगडूच्या दृष्टीने ते दोन वेळचे अन्न आणि डोक्यावरचे छप्पर. एकाला मेसचे जेवण हा थट्टेचा विषय आहे. दुसऱ्याला त्याच जेवणाने शाळेत टिकवून धरले आहे. वाईट वरणाची थट्टा करण्याचा अधिकार ज्याच्या घरी चांगले वरण शिजते त्यालाच असतो, हे 'बलुतं' वाचल्यावर माझ्या प्रथम ध्यानात आले, आणि पारावरच्या आमच्या चढाओढीची किंचित लाज वाटली. ज्यांनी अधिक सोसले ते त्या पारावर बोलतच नव्हते.

येथे स्वतःची एक आठवण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मी ज्या वसतिगृहात राहिलो त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आमच्या मजल्यावर दोन तट होते, आणि मेस-सेक्रेटरीच्या निवडणुकीवरून त्यांच्यात भारी चुरस लागली होती. एका उमेदवाराने दर रविवारी पुरणपोळी देण्याचे वचन दिले. दुसऱ्याने मागील महिन्याचा हिशेब भिंतीवर चिकटवून पुरणपोळी अशक्य असल्याचे सिद्ध केले. हा दुसरा उमेदवार माझ्याच तालुक्यातला, गरीब घरचा, गणितात हुशार. त्याला पाडण्यासाठी आमच्या तटाने एक शक्कल काढली. त्याच्या वडिलांचे पत्र आमच्या हाती लागले होते. ते एका रात्री मेसमध्ये मोठ्याने वाचावयाचे, आणि ते वाचण्याचे काम माझ्याकडे आले, कारण वऱ्हाडी हेल मला उत्तम साधे. पत्रात मजकूर थोडाच होता. 'बाबू, आंब्या बहाराचा माल अजून तुटला नाई. पैशाले आठ दिस लागतीन. तवालोक एक टाइम जेवजो, पन बुकं इकू नोको.' मी ते हेल काढून वाचले. सारी मेस हसली. तो मुलगाही हसला. सर्वांत मोठ्याने हसला. दुसऱ्या दिवशी तो पंगतीला आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आम्ही निवडणूक जिंकली. पुरणपोळी अर्थात कधीच झाली नाही.

वसतिगृहाच्या विनोदाची जी कसोटी मी वर सांगितली, ती कोणत्याही साहित्यशास्त्रातून घेतलेली नाही. ती त्या मुलाच्या रिकाम्या पाटापासून मिळाली आहे. त्याचे हसणे मी त्या वेळी खिलाडूपणाचे मानले होते. आज कळते की पंगतीतून उठण्यापूर्वी माणूस जसा हात धुतो, तसे ते हसणे होते. आणि आम्ही हसलो ते तरी कशाला? पत्रातल्या दारिद्र्याला हसण्याइतके आम्ही निर्दय नव्हतो. आम्ही हसलो 'लागतीन'ला, 'जेवजो'ला, 'नोको'ला. हीच आमच्या आईबापांची भाषा होती. शहरात येऊन सहा महिने होताच ती आम्हाला हास्यास्पद वाटू लागली होती.

या ठिकाणी प्रश्न केवळ वसतिगृहाचा राहत नाही. तो वऱ्हाडी बोलीचा होतो. रंगभूमीवर आणि कथांतून ही बोली दीर्घकाळ हसे पिकविण्याच्या कामाला जुंपली गेली. 'मले', 'तुले', 'काहून', 'करून राह्यलो' एवढे चार शब्द उच्चारले की शहरी प्रेक्षक हसणार, हा नाटकवाल्यांचा ठरीव हिशेब. या हिशेबाला चोख उत्तर दिले ते उद्धव शेळके यांनी. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'धग' कादंबरीत कौतिक नावाची बाई आपला संसार तोलून धरण्यासाठी जन्मभर झगडते, आणि ती व तिच्या भोवतीची माणसे जी भाषा बोलतात ती अस्सल वऱ्हाडी आहे. त्या संवादांना कोणी हसत नाही. बोली तीच, शब्द तेच. परंतु बोलणाऱ्याला लेखकाने माणसाची पूर्ण उंची दिली की हसू आपोआप गळून पडते. शेळक्यांनी वऱ्हाडी बोलीला तिचे अश्रू मिळवून दिले. तिचे स्वतःचे हसू, म्हणजे तिने दुसऱ्याला हसण्याचा आणि स्वतःवर हसण्याचा अधिकार, वसतिगृहाच्या दालनात अद्याप मिळावयाचा आहे. 'कोसला'त खानदेशचा मुलगा पुण्याकडे पाहून हसला. वऱ्हाडचा मुलगा पुण्याकडे, नागपूरकडे, अमरावतीकडे आणि शेवटी आरशाकडे पाहून कसा हसतो, हे लिहिणारी कादंबरी मी अजून शोधतो आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कुचेष्टा आणि थट्टा यांतला भेद करीत बसलो तर विनोदाचा जीवच जाईल. तारुण्यातले हसणे थोडे निष्ठुर असावयाचेच. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. सोवळ्यातला विनोद हा विनोद नव्हे. परंतु निष्ठुरपणा आणि विषमता या दोन वस्तू आहेत. एकमेकांना टोपणनावे ठेवणारे दोन मित्र एकमेकांशी निष्ठुर असतील. पण उद्या नाव ठेवण्याची पाळी दुसऱ्याची असते. ज्या खेळात पाळी बदलत नाही तो खेळ नव्हे. १९९९ साली महाराष्ट्रात रॅगिंगला बंदी घालणारा कायदा करावा लागला, तो या न बदलणाऱ्या पाळीमुळेच. कायदा शिक्षा देऊ शकतो. थट्टा कोठे संपली आणि छळ कोठे सुरू झाला, ती रेघ डोळ्यांना दिसेल अशी काढणे मात्र कायद्याला जमत नाही. ते काम कथाकाराचे आहे, आणि तो ते टाळीत आला आहे.

दुसरा आक्षेप असा की, हे सारे एका तऱ्हेच्या मुलांचे झाले. मुलींच्या वसतिगृहांचे काय? हा आक्षेप मात्र मुकाट्याने मान्य केला पाहिजे. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमापासून मुली घराबाहेर राहून शिकू लागल्या, त्याला शतकाहून अधिक काळ लोटला. 'विभावरी शिरूरकर' या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर त्या परिसरातच घडल्या, आणि १९३३ च्या 'कळ्यांचे निःश्वास'मध्ये त्यांनी शिकलेल्या स्त्रीची घुसमट निर्भयपणे मांडली. निःश्वास आपल्याला मिळाले. त्याच कळ्या रात्री दिवे गेल्यावर एका खोलीत जमून कशाला हसत होत्या, याची नोंद मात्र फार थोडी झाली. जिथे हसण्याचीही चोरी, तेथील विनोद अधिक धारदार असणार, असा माझा तर्क आहे. त्या घरांतून आज ज्या आज्या आणि आया आहेत, त्यांनी आपल्या नातींना तो सांगावा आणि नातींनी लिहून काढावा, अशी माझी इच्छा आहे.

आरंभी केलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. वसतिगृहाचा विनोद विपुल असूनही लिहिला गेला थोडा, याचे कारण त्याला लागणारी सामग्री दुर्मिळ आहे असे नव्हे. तो लिहिताना लेखकाला दोन ठिकाणी एकाच वेळी बसावे लागते: हसणाऱ्यांच्या बाकावर, आणि ज्याला हसले त्याच्या पाटावर. सुखवस्तू लेखकाला पहिले बाक ठाऊक असते. दुसऱ्या पाटावर बसलेल्याने लिहावयास घेतले तेव्हा हसण्यापेक्षा अधिक निकडीचे पुष्कळ काही त्याला सांगावयाचे होते. दोन्ही जागा ज्याच्या अनुभवात आहेत, असा लेखक येईपर्यंत हे दालन अपुरे राहणार.

आमच्या गावच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. मुळे जंबेरीची, फळ संत्र्याचे. वर्ष-दीड वर्ष ते रोप वाफ्यात इतर हजारो रोपांशी दाटीने वाढते आणि मग कोणाच्या तरी बागेत जाते. परगावी शिकावयास गेलेल्या मुलाचे असेच असते. परक्या मुळांवर त्याला आपले फळ धरावयाचे असते. त्या दाटीतली रेटारेटी आणि त्या रेटारेटीतले हसू ज्याने पाहिले आहे, त्याने ते लिहावे. लिहिताना एवढेच ध्यानात ठेवावे की, त्या रात्री मेसमधून उठून गेलेला मुलगा ते वाचणार आहे. त्यालाही हसू आले, तर ग्रंथ साधला.